पाऊस किती झाला याआधी तो कधी झाला ते विचारा

नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागायतदाराला पावसाने काय नुकसान केलं असं विचारलं, तर तो आधी बाग कुठल्या अवस्थेत होती ते सांगतो. पोंग्यात (नुकते कोंब फुटत) होती, फुलोऱ्यात होती, की मण्यांत पाणी उतरलं होतं, म्हणजे मणी मऊ पडून पिकायला लागले होते? तोच 25 मिलिमीटर पाऊस एका अवस्थेत फक्त फवारणीचा खर्च वाढवतो, दुसऱ्या अवस्थेत मणीगळ करतो आणि तिसऱ्या अवस्थेत मणी तडकवतो. आम्ही फ्रान्समधल्या वाइनच्या बागांत छाटणीपासून तोडणीपर्यंत राबतो, आणि तिथला हिशेबही हाच आहे हे पटतं. बाटलीवर जे साल छापतात, ज्याला तिथे मिलेझीम म्हणतात, ते त्या वर्षातल्या दहा-बारा निर्णायक दिवसांनी आणि रात्रींनी ठरवलेलं असतं.

म्हणूनच 'फ्रान्ससाठी अमुक साल चांगलं' या वाक्यावर आमचा विश्वास नाही. 2016 घ्या. 26 एप्रिलच्या रात्रीनंतरच्या पहाटे पूर्व फ्रान्समधल्या बर्गंडीत दहिवर गोठलं आणि कित्येक गावांत निम्म्याहून जास्त पीक गेलं. तिथून 500 किलोमीटरवर नैऋत्येच्या बोर्दोत त्याच वर्षी जूनच्या मध्यापर्यंत पावसाने नको केलं, पण नेमका फुलोऱ्यात उघडीप मिळाली. पुढे कोरडा उन्हाळा लागला आणि 13 सप्टेंबरला हवा तेवढाच पाऊस आला. बोर्दोच्या लाल वाइनचं ते अलीकडच्या काळातलं सर्वोत्तम सालांपैकी एक ठरलं. साल एकच, पण बर्गंडीत रिकामे पिंप आणि बोर्दोत भरलेलं तळघर.

आपल्याकडे वर्षाला दोन छाटण्या, एप्रिलची, काडी तयार करण्यासाठीची खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या आसपासची, फळासाठीची गोडी छाटणी. तिथे छाटणी एकच, हिवाळ्यात. वेल तीन-चार महिने पूर्ण झोपलेली असते. झोपेतलं खोड शून्याखाली 15 अंशांपर्यंत सहसा तगतं. त्याखाली मात्र खोडच फाटतं. फेब्रुवारी 1956 मध्ये बोर्दोतल्या पोमरोल आणि सेंत-एमिलियाँत तसं झालं, आणि पुढे कित्येक वर्षं नव्याने लागवड करावी लागली. असा हिवाळा क्वचित येतो. खरी भीती वसंतातल्या थंडीची.

सरासरी तापमान 10 अंशांवर गेलं की वेल हलायला लागते. डोळे, म्हणजे काडीवरच्या कळ्या, फुगतात, त्यावर कापूस दिसतो, मग हिरवं टोक निघतं. कापसातला डोळा उणे 4-5 अंश सोसतो, पण हिरवं टोक बाहेर आलं की उणे 2 ते अडीच अंशांतच जळतं. टोक ओलं असेल तर त्याच्याही आधी. त्यामुळे मार्च उबदार गेला की आम्हाला आनंद होत नाही. द्राक्षाच्या जातींत शार्दने आणि मर्लो लवकर फुटतात, काबेर्ने सोव्हिन्यों उशिरा फुटते. म्हणून एकाच मळ्यात मर्लो जळते आणि शेजारची काबेर्ने वाचते.

थंडीच्या रात्री पहिलं काम थर्मामीटरचं. हवामान केंद्राचा आकडा दीड-दोन मीटर उंचीवरच्या पेटीतला असतो. आपला थर्मामीटर मळ्यातल्या सगळ्यात खोलगट जागी, वेलीवरच्या डोळ्यांच्या उंचीवर, उघडा टांगायचा. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री तो केंद्रापेक्षा दोन-तीन अंश कमी दाखवतो. शेजारी ओल्या कापडाचा दुसरा थर्मामीटर हवाच, कारण ओला डोळा त्याच तापमानाला उतरतो.

पॅराफिनच्या मेणबत्त्या म्हणजे साधारण सहा किलोचे डबे. हेक्टरी 400 लागतात आणि त्यांनी दोन-तीन अंश मिळतात. डबा आठ-दहा तास जळतो, पण हेक्टरी तीन-चार हजार युरो खर्च येतो. त्यामुळे पेटवायचं की नाही हा निर्णय पहाटे तीनला घेणं सोपं नसतं. लवकर पेटवलं तर सूर्योदयापूर्वी, म्हणजे सगळ्यात थंड तासाला, डबे विझतात. पंख्याचा खांब चार-पाच हेक्टर सांभाळतो, कारण रात्री जमिनीलगत थंड आणि दहा-पंधरा मीटरवर ऊबदार असा हवेचा थर असतो आणि पंखा वरची हवा खाली ढकलतो. वर ऊबदार थरच नसेल, म्हणजे उत्तरेकडून सगळीच हवा गार घुसली असेल, तर पंखा गार हवाच ढवळत बसतो.

बर्गंडीच्या उत्तर टोकाला, शाब्लीत, पाणी वापरतात. कित्येकांना हे उलटं वाटतं, पण त्यामागे साधं भौतिकशास्त्र आहे. पाणी गोठताना दर ग्रॅमला 80 कॅलरी उष्णता सोडतं, त्यामुळे बर्फाच्या कवचातला डोळा शून्याच्या आसपास राहतो. ताशी हेक्टरी सुमारे 40 घनमीटर पाणी लागतं. आठ तासांची रात्र धरली तर 320 घनमीटर. त्यासाठीच बेन गावाजवळ तलाव बांधला आहे. ओल्या थर्मामीटरवर शून्य दिसलं की तुषार चालू करायचे, आणि सकाळी बर्फ वितळून आपणहून गळू लागेपर्यंत बंद करायचे नाहीत. मध्येच पंप बसला किंवा नोझल बर्फाने बुजलं तर उरलेल्या पाण्याचं बाष्पीभवन होतं आणि डोळा कोरड्या वेलीवरच्या डोळ्यापेक्षाही जास्त गारठतो. पाणी चालू करून अर्धवट सोडण्यापेक्षा चालूच न करणं बरं, हे पंपाजवळ बसणाऱ्या प्रत्येकाला पक्कं माहीत असावं लागतं.

एप्रिल 2021 मध्ये हे सगळे उपाय अपुरे पडले. मार्चअखेरीस पारा 25 अंशांपर्यंत चढला होता, त्यामुळे डोळे घाईने फुटले. मग 5 ते 8 एप्रिलच्या रात्री उत्तरेच्या शँपेनपासून दक्षिणेच्या लांगदॉकपर्यंत जवळपास सगळीकडे थंडी उतरली. गोठलेल्या वेलीवर काही आठवड्यांनी दुय्यम डोळा फुटतो, पण त्याला घड कमी, आणि जे येतात ते दोन-तीन आठवडे मागे. तोडणीला त्याच वेलीवर दोन वयाचे घड दिसतात आणि कामगारांना कुठला घ्यायचा हे घडागणिक सांगावं लागतं.

जूनचा पहिला पंधरवडा फुलोऱ्याचा. अलीकडे तो मेअखेरीलाच येऊ लागला आहे. हवा 20 ते 25 अंश आणि कोरडी असली की आठवड्याभरात काम उरकतं. 15 अंशांखाली पाऊस सुरू असेल तर फुलाची टोपी सुटत नाही, परागीकरण फसतं आणि मणीगळ होते. त्याला तिथे कुल्यूर म्हणतात. मर्लो आणि ग्रनाश यात सगळ्यात नाजूक. 2013 मध्ये बोर्दोच्या मर्लोचं पीक असंच फुलोऱ्यात गेलं. मणी धरले तरी काही बारीक, बिनबियांचे राहतात, तो प्रकार मिलरांदाज. आपल्या टेबल द्राक्षाला शॉर्ट बेरी हा दोष, पण बर्गंडीच्या पिनो न्वार या लाल वाइनच्या जातीत थोडे बारीक मणी आम्ही आवडीने पाहतो. सालीचं प्रमाण वाढतं आणि रस दाट होतो.

याच जूनमध्ये आणखी एक गोष्ट घडते आणि ती डोळ्याला दिसत नाही. पुढच्या वर्षीचे सूक्ष्मघड याच वेळी वेलीच्या डोळ्यांत तयार होत असतात. आपल्याकडे सूक्ष्मघडनिर्मिती खरड छाटणीनंतर होते आणि फुलोरा गोडी छाटणीनंतर, म्हणजे दोन्ही कामं वेगळ्या महिन्यांत वाटलेली. तिथे दोन्ही एकाच पंधरवड्यात. ढगाळ, गारठलेला जून यंदाचे मणी गाळतो आणि पुढच्या वर्षीच्या घडांची संख्याही घटवतो. वाईट सालाच्या पाठोपाठ कमी पिकाचं साल येतं ते पुष्कळदा यामुळेच.

फुलोऱ्यापासून तोडणीपर्यंत साधारण 100 दिवस धरतात. मधल्या फुलोऱ्याची तारीख वहीत लिहिली की तोडणीच्या मजुरांची सोय जूनमध्येच करता येते. चार-पाच दिवस इकडेतिकडे होतात, एवढंच.

आता डावणी. हा बुरशीसारखा पसरणारा रोग 1878 मध्ये अमेरिकेतून फ्रान्समध्ये पोहोचला. मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि चुन्याचं मिश्रण मिलार्दे यांनी 1885 मध्ये मांडलं ते बोर्दोतच, आणि आपण ज्याला बोर्डो मिश्रण म्हणतो ते हेच. पहिल्या लागणीचा ठोकताळा तीन दहांचा आहे: फूट, म्हणजे नवा कोंब, 10 सेंटिमीटर, तापमान 10 अंशांच्या वर आणि एक-दोन दिवसांत 10 मिलिमीटर पाऊस. तिन्ही जुळले की सात ते दहा दिवसांत पानावर तेलकट डाग. तांबं पानाच्या आत शिरत नाही, वरच राहतं. म्हणून ते पावसाच्या आधी लागतं, आणि 20-25 मिलिमीटर पाऊस झाला की धुऊन जातं. फूट वाढली की नवं पान उघडं पडतं ते वेगळंच. सेंद्रिय बागांना हेक्टरी सात वर्षांत 28 किलो, म्हणजे वर्षाला सरासरी 4 किलो तांब्याची मर्यादा आहे. ओल्या वर्षी ती मेअखेरीलाच अर्ध्याहून जास्त संपलेली असते.

बहुतेक ठिकाणी चूक औषधात होत नाही. चिकणमातीच्या मळ्यात वाफसा येत नाही, ट्रॅक्टर रुततो, आणि फवारणी दोन दिवस पुढे जाते. ते दोन दिवसच पुरतात. 2018 मध्ये बोर्दोत असंच झालं. वसंत इतका ओला होता की डावणीने काही मळ्यांचं निम्म्याहून जास्त पीक नेलं. पण जुलैपासून ऊन आणि कोरडं हवामान लागलं आणि ज्यांनी मे-जून सांभाळला त्यांच्या लाल वाइन उत्कृष्ट झाल्या. त्या सालाची वाइन दाद मिळवते तेव्हा रिकाम्या हाताने परतलेले शेजारी आम्हाला आठवतात, कारण गुणांच्या तक्त्यात त्यांना रकाना नसतो. ओल्या सालांत रेताड-गोट्यांच्या मेदोकला निचऱ्याचा फायदा मिळतो, आणि कोरड्या सालांत पोमरोलची चिकणमाती पाणी धरून ठेवते. त्यामुळे बोर्दोतल्या बोर्दोतसुद्धा एकच निकाल लागत नाही.

गारपीट एका गावावर पडते आणि शेजारचं गाव सोडते. बर्गंडीतल्या व्होलने, पोमार आणि बोनच्या उतारांनी 2012, 2013 आणि 2014 अशी सलग तीन वर्षं ती सोसली. ओळींवर बाजूने लावायच्या जाळ्यांना आपेलासियोंच्या, म्हणजे ठरावीक प्रदेशाच्या नावाने नियमांत बांधलेली वाइन काढणाऱ्या, बागांत 2018 मध्ये परवानगी मिळाली. मण्यांत पाणी उतरण्याआधी गारा बसल्या तर जखम वाळते आणि तो मणी झडतो. नंतर बसल्या तर सड लागते, आणि मग दोन-तीन दिवसांत तोडायचं की सोडायचं एवढाच प्रश्न उरतो.

उष्णतेचं गणित लोक साखरेवरून करतात, आम्ही आधी आम्लाकडे बघतो. पारा 35 अंशांवर गेला की पानं रंध्रं मिटतात आणि प्रकाशसंश्लेषण थांबतं. त्यानंतर वाढणारी साखर पुष्कळदा मणी आटल्याने वाढलेली दिसते. त्याच वेळी मॅलिक आम्ल मात्र मणी जाळत राहतो, गरम रात्री सर्वांत जास्त. ऑगस्ट 2003 मध्ये रात्रीही उष्णता उतरत नव्हती, म्हणून त्या सालाच्या पुष्कळ वाइन जाड आणि चपट्या झाल्या. 2010 मध्ये दिवस कोरडे पण रात्री गार होत्या, त्यामुळे बोर्दोत साखर आणि आम्ल दोन्ही हाती आले. 28 जून 2019 ला एरो जिल्ह्यातल्या व्हेरार्ग येथे 46 अंशांची नोंद झाली, फ्रान्सचा तोवरचा उच्चांक. त्या दिवशी लांगदॉकमधल्या बागांची पानं आणि कोवळे मणी भाजून निघाले, आणि ज्यांनी आदल्या दिवसांत भुरी या बुरशीच्या रोगासाठी गंधक धुरळलं होतं त्यांचं जास्त भाजलं. 30 अंशांच्या पुढे गंधक टाळायचं हा नियम तेव्हापासून आम्ही भिंतीवर लिहून ठेवतो. पान काढायचंच असेल तर उत्तर-दक्षिण ओळींत फक्त पूर्वेकडचं, सकाळच्या उन्हाच्या बाजूचं. दुपारच्या उन्हाच्या बाजूला घडावर सावली राहू द्यायची.

पाण्याचा ताण थोडा हवा, पण वेळेवर. बोर्दोचे प्राध्यापक दनी द्युबुर्द्यू यांनी उत्तम लाल सालासाठी पाच अटी सांगितल्या होत्या. पहिल्या दोन म्हणजे लवकर-एकसारखा फुलोरा आणि उबदार कोरड्या हवेत मणी धरणं. तिसरी, मण्यांचा रंग बदलण्याच्या आधी हळूहळू वाढत जाणारा पाण्याचा ताण. चौथी, पानं कार्यक्षम ठेवून पूर्ण पक्वता. पाचवी, तोडणीच्या वेळी बेताचा पाऊस आणि चांगली हवा. तिसरी अट तपासायला महागडं यंत्र लागत नाही. एका मळ्यातले 50 शेंडे बघायचे. शेंडा लुसलुशीत पुढे सरकतोय, मंदावलाय की थांबलाय, असे तीन रकाने. रंग बदलण्याच्या सुमारास बहुतेक शेंडे थांबलेले हवेत. वेल शेंडा वाढवतेय तोवर ती मणी पिकवायला मनापासून लागत नाही. जूनमध्येच शेंडे थांबले असतील तर मात्र चिंता, कारण आपेलासियोंच्या बागांत 1 मेनंतर पाणी द्यायला मुळात बंदी आहे आणि परवानगी मिळाली तरच ठिबक चालवता येतं. आपल्याकडच्या बागायतदाराला ही बंदी सगळ्यात विचित्र वाटते.

तोडणीच्या आधीचे दोन आठवडे आठवड्यातून दोनदा नमुना. एका तुकड्यातून 200 मणी घेतो, ओळीच्या दोन्ही बाजूंनी, घडाच्या वरून-मधून-खालून, आणि ओळीच्या टोकाच्या वेली सोडून. हात आपोआप गडद मण्याकडे जातो, म्हणून न बघता खुडायचं. नाहीतर साखर अर्धा-एक अंश जास्त दिसते आणि तोडणी लवकर लागते. रसाची साखर, एकूण आम्ल आणि पीएच, मग बी चावून बघणं. बी हिरवी आणि कडू असेल तर थांबायचं. शँपेनला 10 ते साडेदहा टक्के अल्कोहोल होईल एवढी साखर पुरते, बर्गंडीच्या पिनोला आम्ही साडेबारा-तेरा बघतो. काबेर्ने अपक्व राहिली तर हिरव्या ढोबळ्या मिरचीचा वास येतो आणि तो पिंपात मुरवून जात नाही.

सप्टेंबरच्या पावसाने 2002 मध्ये फ्रान्सचे सरळ दोन भाग केले. 8 आणि 9 सप्टेंबरला दक्षिणेतल्या 'गार' नावाच्या जिल्ह्यात महापूर आला आणि दक्षिण ऱ्होनमध्ये शातोनफ-द्यू-पापसारख्या गावांचं साल बुडालं. त्याच महिन्यात बर्गंडी आणि शँपेनला कोरडी, गार, उत्तरेची हवा मिळाली आणि तिथे 2002 आजही मानाने घेतलं जातं. ऱ्होनला पावसानंतर मिस्त्राल वारा आला तर घड काही तासांत वाळतात आणि सड थांबते. पण हाच वारा मेमध्ये कोवळ्या फुटी मोडतो, म्हणून ग्रनाश खुजी, तारांशिवाय, झुडपासारखी वाढवतात. अल्झासला व्होज डोंगर पावसाच्या आड उभा आहे. कोल्मारला वर्षाला 600 मिलिमीटरच्या आसपासच पाऊस, त्यामुळे तिथे ऑक्टोबरपर्यंत घड झाडावर ठेवण्याचं धाडस परवडतं. लुआरच्या व्हूव्रेत तर शरद ऋतूवर वाइनचा प्रकारच ठरतो. ओला सप्टेंबर म्हणजे शेनॅ जातीच्या द्राक्षांची कोरडी किंवा फसफसणारी, लांबलेलं ऊन म्हणजे त्याच वेलींची गोड.

बोर्दोतल्या सोतेर्नमध्ये गोड वाइनसाठी सडच हवी असते, पण योग्य वेळची. सिरों ओढ्याचं थंड पाणी गारोन नदीच्या ऊबदार पाण्याला मिळतं तिथे सकाळी धुकं धरतं, बोट्रायटिस बुरशी मण्यावर बसते आणि दुपारचं ऊन पाणी आटवतं. धुकं आहे पण ऊन नाही अशी स्थिती आली तर तीच बुरशी करडी सड होऊन सगळं नासवते. तोडणी चार-सहा फेऱ्यांत, मणीमणी पाहून. 2012 मध्ये तिथल्या दीकेम या नामांकित बागेने त्या सालाची गोड वाइन काढलीच नाही. त्या निर्णयाबद्दल आम्हाला मनापासून आदर आहे.

तळघरात सालाची कसर थोडीच भरून निघते. साखर कमी असेल तर उत्तरेकडच्या प्रदेशांत साखर घालायला मुभा आहे, भूमध्य किनाऱ्याला नाही. एक टक्का अल्कोहोल वाढवायला लिटरमागे 17 ग्रॅम हे प्रमाण. 10,000 लिटरच्या टाकीला अर्धा टक्का वाढवायचा तर 85 किलो, आणि तीही किण्वन जोरात असताना, रसात विरघळवून. द्राक्षं कच्ची राहिलेल्या वर्षात मण्यांच्या साली-बियांतून जास्त काढायला जाऊ नये. पंपाने रस सालींवर फिरवणं कमी, तापमान कमी. शँपेनने उपाय वेगळा शोधला. जुन्या सालांचा साठा मिसळायचा आणि बाटलीवर साल छापायचंच नाही. साल छापलं तर ती वाइन शंभर टक्के त्याच वर्षाची आणि किमान तीन वर्षं मुरलेली हवी.

बोन गावात 1354 पासूनच्या तोडणीच्या तारखा जुळवून 2019 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. 1988 नंतर तिथली तोडणी आधीच्या सहा शतकांपेक्षा सरासरी 13 दिवस लवकर येते. तोडणी 13 दिवस अलीकडे म्हणजे पक्वतेचे शेवटचे आठवडे सप्टेंबरच्या गार रात्रींतून ऑगस्टच्या गरम रात्रींत सरकले. डोळेही लवकर फुटतात, मात्र एप्रिलची थंडी आपल्या जागीच आहे.

म्हणून हिवाळ्याच्या कामाचा क्रम आता बदलला आहे. उतारावरचे तुकडे जानेवारीत छाटून घेतो. तळाचे, जिथे गार हवा साचते ते, मार्चअखेरपर्यंत तसेच ठेवतो. काडीच्या टोकाचे डोळे आधी फुटतात आणि बुडाचे दबून राहतात, त्यामुळे उशिरा छाटलं की आठवडाभर उशीर पदरात पडतो. एका माणसाला शेवटच्या दहा दिवसांत दुप्पट काम पडतं. कात्र्यांना धार फेब्रुवारीतच लावून ठेवावी लागते.